गोठलेल्या तळ्यावरच्या दोन काठ्या

२०१८ च्या हिवाळ्यात बाबा आमच्याकडे आयर्लंडमध्ये, लिमरिकला आले होते. भंडारा जिल्ह्यात, तळ्याकाठच्या एका गावात त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आणि शाळा सुटली की ते पाण्यात गळ टाकून बसत. आता त्यांना कंपवात झाला होता. उजवा हात सतत थरथरायचा. घरी कुणी आलं की ते हात स्वेटरच्या खिशात लपवत आणि चहा नको म्हणत. मी माशांचा विषय काढला की म्हणत, "झालं वं ते आता. हालत्या हाताच्या माणसानं गळ नाही धरू."

फेब्रुवारी संपता संपता जोरदार बर्फ पडला. इकडे असा बर्फ क्वचितच पडतो. ऑफिसं बंद झाली, दुकानांतला ब्रेड बघता बघता संपला आणि आम्ही घरात बसून भाकऱ्या खाल्ल्या. रस्ते मोकळे झाले त्या सकाळी शेजारीण दारात उभी राहिली. ती फिनलंडची, माझ्याच ऑफिसातली, एरवी गरजेपुरतंच बोलणारी. त्या दिवशी मात्र बूट काढायच्या आधीच तिनं सुरुवात केली.

"तळं गोठलंय. मी इथे आल्यापासून पहिल्यांदा. मासे धरायला चल. वडिलांनाही घे."

तिच्या हातात लांबट पेटी होती. आत हातभर लांबीच्या काठ्या होत्या, खेळण्यातल्या वाटाव्यात अशा. तिच्या देशात बर्फाला भोक पाडून मासे धरतात, तेव्हा लांब काठीचा उपयोग नसतो. ती म्हणाली, "आपण दोन काठ्या लावू. एक हातात धरून हलवत राहायची. दुसरी स्टँडवर ठेवून द्यायची, तिला हातसुद्धा लावायचा नाही. तिला डेडस्टिक म्हणतात."

मी बाबांना सांगितलं, "मेलेली काठी."

"मेलेली काडी काय मासा धरंल?" बाबा म्हणाले, पण खुर्ची पेटीजवळ ओढली.

मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुमच्यासाठी तीच बरी. धरायची गरजच नाही." मला वाटलं, प्रश्न सुटला.

स्टँडवरच्या काठीसाठी तीन पर्याय होते. मी सगळ्यात दणकट उचलली. बाबांनी मान हलवली. कोटाचं एक सुटं बटण दोऱ्याला बांधून त्यांनी ते एकेका काठीच्या टोकाला लटकवलं. पहिली ढिम्म हलली नाही. दुसरी जराशी वाकली. तिसरीचं टोक मात्र बटणाच्या वजनानंच खाली झुकलं.

"हे घे. थंडीत मासा सुस्त असते. आमिष तोंडात घेतल्यावर जराबी ओढ लागली, की थुंकून देते. टोक नरम पाह्यजे."

शेजारणीला मी इंग्रजीत सांगितलं. ती बाबांकडे बघून हसली आणि म्हणाली, "मीही तीच निवडली असती."

तळं गाडीनं जवळच होतं. "बर्फावर पाय ठेवायचा नाही, इथला बर्फ पातळ असतो," असं तिनं बजावलं. आम्ही लाकडी धक्क्यावरच बसलो आणि तिनं लोखंडी पहारीनं धक्क्यालगत दोन भोकं पाडली. खाली पाणी काळंभोर होतं. शेजारणीनं डबीत गांडुळं आणली होती. मी गळाला एक लावलं, दोरी तळापासून वीतभर वर राहील इतकी सोडली आणि नरम काठी स्टँडवर ठेवली. शेजारणीनं दुसऱ्या भोकात माशांना भुलवायला चमकता पत्रा सोडला आणि काठी हलवू लागली.

बराच वेळ काहीच झालं नाही. माझी बोटं बधिर झाली. मग तिनं हातातली काठी सरळ बाबांपुढे धरली.

"मला नको," बाबा मराठीतच म्हणाले आणि हात खिशात घातला.

ती मला म्हणाली, "त्यांना सांग, मला असं बारीक हलवता येत नाही. मी थकते. त्यांचा हात थकत नाही."

हे कसं सांगावं, मला कळेना. शेवटी जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी हात खिशातून बाहेर काढला आणि काठी धरली. टोक आपोआप थरथरू लागलं, बारीक, न थांबता. पत्रा पाण्यात लुकलुकत होता. शेजारीण भोकावर वाकली आणि कुजबुजली, "आले."

मलाही दिसलं. काळ्या पट्ट्यांचे दोन मासे पत्र्याभोवती फिरत होते. पण पत्रा तोंडात घेईनात. फिरता फिरता ते माझ्या गांडुळाकडे सरकले. नरम काठीचं टोक जेमतेम हललं.

मी हात पुढे केला.

"थांब वं. खाऊ दे त्याले." बाबांचा आवाज वर्गातला होता. टोक अजून वाकलं, पार बर्फाकडे झुकलं. "आता उचल. हळू."

मी उचललं आणि दोरी जिवंत झाली. शेजारीण माझ्या कोपराला घट्ट धरून होती. पर्च जातीचा मासा वर आला, हिरवट, लालभडक परांचा, शेपटीनं पाणी उडवत. मी ओरडलेच. बाबांनी मात्र हातातली काठी सोडली नाही. "अजून आहेत खाली," ते म्हणाले. "गांडूळ लाव लवकर."

मग आम्ही थांबलोच नाही. बाबा मासे बोलावत आणि नरम काठी त्यांना पकडत असे. लहान मासे आम्ही सोडून दिले. मध्येच बाबा म्हणाले, "आता ते नरम काडी माझ्याकडं दे," आणि मी बाजूला झाले. टोक वाकल्यावर त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट पकडलं आणि काठी उचलली. त्या दिवसातला सगळ्यात मोठा मासा तो.

शेजारणीनं थर्मासमधली कॉफी ओतून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी कप घेतला. अर्धी कॉफी कोटावर सांडली, उरलेली ते प्यायले आणि इंग्रजीत म्हणाले, "व्हेरी गुड."

संध्याकाळी तांदळाच्या पिठात घोळवून मासे तळले. माझा नवरा हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून आला तेव्हा बाबा फोनवर मोठ्या काकांशी बोलत होते. मासा पहिल्यांदा वीतभर होता, नंतर दोन विती झाला. आम्ही कुणी दुरुस्त केलं नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "उद्याही गोठलेलंच राहीन काय वं ते तळं?"

मी हवामान बघितलं. पारा चढणार होता. मागच्या अंगणातून मी शेजारणीला हाक मारून विचारलं. सकाळी लवकर निघालो तर जमेल, असं शेजारणीनं भिंतीपलीकडूनच ओरडून सांगितलं, आणि बाबा गांडुळं शोधायला टॉर्च मागू लागले.