सतरा नंबरचा शिक्का

झीरोताईंना कुठलाही काटा दिसला की त्यांचं उजव्या हाताचं बोट आपोआप वळायचं. मग तो वाण्याच्या तराजूचा असो, दवाखान्यातल्या वजनकाट्याचा असो, नाहीतर कोणाच्या मोटरसायकलचा. काचेवर नखानं दोनदा टकटक करायच्या आणि काटा शून्यावर येतो का ते वाकून बघायच्या. नाही आला तर तोंडावर सांगायच्या. एकदा दवाखान्यात नर्सनं त्यांचं वजन कागदावर लिहिलं, तर या म्हणाल्या, "बाई, मी चढायच्या आधीच तुझा काटा दीड किलोवर होता. तेवढं कमी कर." नर्स हसली. ताई हसल्या नाहीत. आकडा खोडून घेतल्यावरच डॉक्टरांकडे गेल्या.

नाशिकला सातपूरच्या कारखान्यात आम्ही गाड्यांचे मीटर बनवायचो. स्पीडचा, पेट्रोलचा, ऑइलचा, बॅटरीचा, टेंपरेचरचा. लाइनीवर शेवटचं टेबल ताईंचं. त्यांनी टकटक करून पास केलेल्या मीटरच्या पाठीवर सतरा नंबरचा शिक्का पडायचा आणि मगच तो खोक्यात जायचा. मी नवीन लागले त्या दिवशी माझे अकरा मीटर त्यांनी परत पाठवले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आले तर ताई दारात उभ्या. "झालं रडून? हात नीट पूस. काटा बसवताना हात कोरडा लागतो." त्या दिवसापासून पुढची एकोणीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसले.

"जो काटा शून्यावर येत नाय, तो पुढचं काय खरं सांगणार?" हे त्यांचं वाक्य. ते सगळ्या कारखान्याला पाठ झालं होतं आणि त्यावरूनच त्यांचं नाव झीरोताई पडलं. महिनाअखेरीला माल पाठवायची घाई असली की सुपरवायझर यायचा, आर्जवं करायचा, मग आवाज चढवायचा. ताई शिक्का त्याच्यासमोर ठेवायच्या. "हा माझा हाय. तुमचा दुसरा असेल तर तो मारा." दुसरा शिक्का कोणाकडेच नव्हता. त्यांची बढती दोनदा हुकली ती यामुळेच, आणि त्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, दुसऱ्या एका कारखान्यात पाइप फिटर होते. मूळचे हरसूलजवळच्या पाड्यावरचे. माणूस अबोल, पण हात सोन्याचे. पाइपाचे आटे दिसले की खिशातून पांढऱ्या टेपचं रीळ निघायचं. इतर फिटर तीन वेढे मारतात, भाऊजी सात-आठ मारायचे आणि टेपचं टोक अंगठ्याच्या नखानं दाबून बसवायचे. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला त्यांची जुनी कॉलनी आहे. भाऊजींनी बसवलेला नळ कधी गळला नाही, हे तिथलं कोणीही सांगेल.

या माणसानं घराच्या अंगणात सहा वर्षं खपून मोटारगाडी बांधली. चासी आणि इंजिन एका जुन्या जीपचं, बाकी सगळं घरचं. पत्रा स्वतः ठोकला, सीटा स्वतः शिवून घेतल्या, कागदपत्रांसाठी सरकारी कचेरीत खेटे घातले. डॅशबोर्डचे पाच मीटर मात्र ताईंनी दिले. कारखान्यात कामगारांना सवलतीत मिळायचे, त्यातून एकेक पारखून आणले. पाचांच्याही पाठीवर सतराचा शिक्का. गाडी पूर्ण झाली तेव्हा भाऊजी एवढंच म्हणाले, "बाजाराच्या दिवशी हरसूलला नेऊ." ज्या गावातून ते पायात चप्पल नसताना नाशकाला कामाला आले होते, तिथं स्वतः बनवलेली गाडी न्यायची होती. दुसरी काही हौस त्या माणसाला नव्हती.

वाघेऱ्याच्या घाटात गाडी उकळली. टेंपरेचरचा काटा खाली हिरव्यात निवांत पडलेला आणि बॉनेटमधून वाफेचे लोट. शेवटी ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी हरसूलच्या भर बाजारात ओढत नेली. पोरं मागं धावत होती, "किटली आली, किटली आली!" भाऊजींचे थोरले भाऊ चारचौघांत विचारायला लागले, "आरं, झालं तरी काय?" भाऊजी मान खाली घालून म्हणाले, "मीटरनं दगा दिला."

मीटर कोणाचा, हे सगळ्यांना माहीत होतं. ताई तिथंच उभ्या होत्या.

भाऊजींनी घरी येऊन गाडीवर ताडपत्री टाकली ती पुन्हा काढली नाही. दोघांत भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी ताई कामावर आल्या आणि प्रत्येक मीटरवर दोनाऐवजी चारदा टकटक करायला लागल्या. दोन वर्षांनी भाऊजी झोपेतच गेले. त्यानंतर काही महिन्यांनी ताई रिटायर झाल्या. निरोपाच्या दिवशी हार गळ्यात असतानाच मला म्हणाल्या, "सुमन, माझ्या हातून एक खोटा मीटर गेला असेल, तर तीस वर्षं मी काय केलं गं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यांचा मुलगा सागर पुण्याहून आला आणि म्हणाला, "आई, ती किटली भंगारात देऊन टाकू. अंगण मोकळं होईल."

"गाडी म्हण."

"बरं, गाडी. चालत नाही ना पण?"

"चालंल. मी चालवीन. पाचही मीटर काढून नवे बसवते आणि हरसूलला जाऊन येते. मंग तुझं अंगण मोकळं कर."

तेव्हा ताईंना सायकलसुद्धा येत नव्हती. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांनी ड्रायव्हिंग क्लास लावला. शिकवणारा मुलगा म्हणाला, "मावशी, या वयात कशाला हे?" ताईंनी त्याला गप्प केलं. "वय माझं हाय, क्लच तुझा हाय. तू क्लचचं सांग." लायसन्सच्या परीक्षेत एकदा नापास झाल्या, दुसऱ्यांदा पास झाल्या. मग नाशकातल्या द्वारका चौकाकडच्या स्पेअरच्या दुकानांत आम्ही दोघी दोन दिवस फिरलो. दुकानदार डिजिटल पडदा गळ्यात मारू बघत होता. ताई म्हणाल्या, "ह्याला टकटक करून काय कळणार? काट्याचं दाखव." वीस-पंचवीस मीटर बाद करून त्यांनी पाच घेतले.

रविवारी ताडपत्री काढली. ताईंनी डॅशबोर्डच्या मागे हात घालून जुने मीटर एकेक सोडवले आणि स्टीलच्या डब्यात ठेवले. प्रत्येक वायरला सुतळीचा तुकडा बांधून गाठी मारल्या, स्पीडला एक, पेट्रोलला दोन, असं. नवे बसवले, नवी बॅटरी आणि पाणी घालून गाडी चालू केली. चार काटे जागेवर आले. टेंपरेचरचा मात्र हलेना. रेडिएटरला हात लावला तर चटका बसत होता आणि काटा आपला हिरव्यात झोपलेला.

ताईंनी इंजिन बंद केलं, चावी तेवढी चालू ठेवली. मग म्हणाल्या, "दोन मीटर एकच खोटं बोलत नाय."

इंजिनाची उष्णता मीटरला कळवणारा सेन्सर असतो, त्याची वायर त्यांनी काढली आणि इंजिनाच्या लोखंडाला टेकवली. काटा ताडकन लाल रेघेवर गेला. म्हणजे मीटर चांगला, वायर चांगली. उरला इंजिनात बसवलेला सेन्सर. इंजिन निवल्यावर पाना लावून ताईंनी तो सोडवला आणि उजेडात धरला. आट्यांवर पांढरी टेप होती. सात-आठ वेढे, सुबक, आणि टोक नखानं दाबून बसवलेलं.

त्या सेन्सरला वायर एकच असते. अर्थिंग तो आपल्या आट्यांतून घेतो. लोखंड लोखंडाला टेकलं तरच काटा खरं बोलतो. भाऊजींनी आटे पाहिले आणि पाणी गळू नये म्हणून टेप गुंडाळली, आयुष्यभर गुंडाळत आले तशी. जे चुकलं ते काळजीपायी चुकलं. दुसरा कोणी असता तर दोन वेढे कमी पडले असते, काट्यानं वेळेत सांगितलं असतं आणि कदाचित गाडी घाट चढली असती.

मी टाळीच वाजवली. "ताई, सुटलात! मीटर चांगला होता तुमचा!"

ताई पायरीवर बसल्या होत्या. टेपचं टोक बोटानं चाचपत होत्या. "हातच तसा होता त्यांचा," एवढंच म्हणाल्या.

टेप काढून, तांब्याची वायसर घालून त्यांनी सेन्सर परत बसवला. मग डब्यातून आपला जुना मीटर काढला, त्याला वायर जोडली आणि गाडी चालू केली. काटा हळूहळू वर आला, अगदी बरोबर. ताईंनी तो डोळे भरून पाहिला. नंतर तो काढून पुन्हा डब्यात ठेवला आणि जागेवर नवाच बसवला. जुना चांगला निघाला असताना नवा का, हे तेव्हा मला कळलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही निघालो. ताई स्टिअरिंगवर, मी शेजारी, जीव मुठीत. वाघेऱ्याच्या घाटात काटा चढायला लागला. लाल रेघेच्या जवळ आला तशी ताईंनी वळणावर गाडी कडेला घेतली. "तापू दे. सांगतीय ना तापले म्हणून!" वीस मिनिटं आम्ही दगडावर बसून शेंगदाणे खाल्ले. काटा उतरला, पुढे निघालो. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न मारत होत्या. ताईंनी एकालाही भीक घातली नाही.

हरसूलच्या बाजारात शिरताना त्यांनी हॉर्न दाबला तो दाबूनच धरला. कोणीतरी ओरडलं, "आरं, किटली आली!" ताईंनी गाडी बरोबर त्याच्यासमोर उभी केली. "वाफ दिसती का कुठं? बॉनेट उघडून दावू?" लोक गोळा झाले. थोरले दीर काठी टेकत आले, गाडीभोवती एक फेरी मारली, पत्र्यावरून हात फिरवला. "लय ग्वाड बनवली व्हती भावानं. मंग तवा काय झालतं गं?"

आता ताई सांगणार, म्हणून मी सरसावून बसले.

"मीटर खराब होता," ताई म्हणाल्या. "माझ्या हातचा. बघा, बदलला. त्यांच्या गाडीत काय खोट नव्हती."

मी तोंड उघडलं. ताईंनी माझ्याकडे न बघता माझ्या मनगटावर नखानं दोनदा टकटक केली. मी तोंड मिटलं.

परतताना मी भांडले. आयुष्यात एका काट्याला खोटं बोलू दिलं नाही, आणि आज भर बाजारात स्वतःच? ताई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "ते काय आता बाजू मांडायला यायचे नायत. मी हाय ना. मला कोण काय म्हणतंय, बघते मी."

त्यानंतर सहा वर्षं त्या दर महिन्याला गाडी घेऊन हरसूलला जात राहिल्या. सागरही हळूहळू 'गाडी' म्हणायला लागला. गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. आता गाडी तोच चालवतो. स्टीलचा डबा त्यानं मला आणून दिला. आत पाच मीटर होते आणि कागदाच्या पुडीत तो टेपचा तुकडा.

तेराव्याला हरसूलकडची माणसं आली होती. बोलता बोलता एक जण म्हणाला, "बाई लय कडक. येकच मीटर खराब गेला म्हनं त्यांच्या हातनं." मनगटावर ते नख अजून जाणवत होतं. पण त्या रात्रीपासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. ताई, तुम्ही कोणाला जुमानलं नाहीत, आणि तुमच्या शेजारी बसून मी तेच शिकले. तेव्हा आज मी तुमचंही ऐकत नाही.

तो मीटर चांगला होता. पाठीवर सतराचा शिक्का आहे आणि काटा आजही टकटक केली की जागेवर येतो. ज्याला शंका असेल त्यानं माझ्या घरी यावं. बॅटरी आणि सेन्सर मी देईन, पाणीही उकळून देईन.