मंगरू शाहिराचं मिक्सर

मंगरूला कारधा गाव अजून शाहीरच म्हणायचं, पण त्याचं गाणं कधीच सुटलं होतं. फुटक्या माइकांवर बेंबीच्या देठापासून ओरडून त्याचा गळा बसला, तो पुन्हा उठलाच नाही. खडी गमतीच्या, म्हणजे गावच्या नाच-गाण्याच्या तमाशाच्या, पार्टीत त्याची जागा प्रितमने घेतली. प्रितम त्याचाच चेला. म्हणजे आपल्या ताटातला घास भरवायचा आणि वर त्याचा ढेकरही आपणच ऐकायचा. मंगरू जळायचा, आणि ते लपवण्याचे कष्टही तो घेत नसे.

साउंडवाल्या यादोरावाने त्याला मिक्सरवर बसवलं. गळा गेला तरी कान शाबूत आहे, एवढं यादोरावाला पुरेसं होतं. ढोलकीचं बटन कोणतं, पेटीचं कोणतं, माइक स्पीकरसमोर आला की शिट्टी मारतो तेव्हा काय कमी करायचं, सगळं त्याने शिकवलं. सुरुवातीला मंगरूने नुसत्या शिट्ट्याच वाजवल्या. यादोराव कानात बोटं घालून शिव्या द्यायचा. मग हळूहळू बोटं कानाचं ऐकू लागली. फेडरची पट्टी वर सरकवली की आवाज मैदानभर, खाली ओढली की माणूस मुका. हे उमगलं तेव्हा मंगरूला आधी प्रितम आठवला, आणि फार बरं वाटलं.

दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत भर दुपारी प्रितम गायला उभा राहिला. पहिल्याच गाण्याला लोक माना डोलावू लागले. मंगरूच्या अंगाचा तिळपापड झाला. गाण्यातल्या हरकती आपण शिकवलेल्या, आणि टाळ्या त्या पोराला! त्याने प्रितमचा फेडर हळूच खाली ओढला.

मागून ओरडा झाला, आवाज येत नाही म्हणून. प्रितमने मिक्सरकडे हात वर केला. बघतो आहे, अशी मंगरूने मान हलवली आणि काहीच केलं नाही. पोरगा बिचारा ताणून गाऊ लागला. त्याचे हाल जवळून ऐकावेत म्हणून मंगरूने हेडफोन चढवला आणि एकट्या प्रितमचा माइक कानात घेतला.

वरच्या सुरावर प्रितमचा आवाज खरखरला. पुढच्या ओळीला पुन्हा. मंगरूच्या गळ्याची वाट लागली तेव्हा सुरुवात अशाच खरखरीने झाली होती. त्याने झटकन फेडर वर नेला. आवाज मैदानभर पसरला, पोरगा सैल होऊन गाऊ लागला, आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मंगरू मिक्सरमागे जळत बसला.

त्याची बायको कुंताबाई बायांमध्ये बसून सगळं पाहत होती. रात्री घरी जेवायला वाढताना तिने विचारलं, “पोराचा आवाज तुमीच दाबला होता ना?”

“हो.”

“मंग वाढवला कायले?”

मंगरूने वरण-भात कालवला.

“त्याचा गळा गेला तं मी जळू कोनावर?”