शेरभर कोळसा

मनोहरकाका खानझोडे यांना नेपरव्हिलच्या मराठी मंडळात कोणी फारसं ओळखत नाही, आणि त्यात मंडळाचंच नुकसान आहे. गणपतीत ते मागच्या रांगेत बसतात, आरती झाली की चपला शोधतात आणि घरी जातात. आयुष्यभर काय केलंत विचारलं तर "जमिनी मोजल्या" एवढंच सांगतात. इथे सगळे एकतर कोड लिहितात नाहीतर पेशंट तपासतात, त्यामुळे पुढचा प्रश्न कोणाला सुचत नाही. मला सुचला, कारण मी त्यांच्यापासून तीन घरं सोडून राहते आणि मला नसत्या चौकशा करायची खोड आहे.

काकांचे वडील यवतमाळकडे मोजणीदार होते. त्यांची साखळी तेहतीस फुटांची. काका शहात्तर साली इकडे शिकायला आले आणि बघतात तर इलिनॉयची अख्खी माळरानं ज्या साखळीनं मोजली ती सहासष्ट फुटांची. बरोब्बर दुप्पट! "म्हटलं, चला, घरचंच माप आहे," हे सांगताना बहात्तर वर्षांच्या या माणसाचा चेहरा अजूनही विशीतला होतो.

गेली दोन वर्षं त्यांना दुपारच्या झोपेत एकच स्वप्न पडायचं. छातीएवढं गवत, वारा, आणि हातात साखळीचं एक टोक. दुसरं टोक कोणीतरी धरलेलं, पण गवतात माणूस दिसत नाही. काका ओरडून विचारतात, "पोचलात का?" उत्तर येत नाही. साखळी मात्र ताठ असते. मग सुवर्णाकाकू चहा घेऊन येतात आणि स्वप्न तिथेच राहतं.

स्वप्न का पडतं ते काकांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या पश्चिमेला, चाळीस मिनिटांवर, मक्याच्या शेतांमध्ये एक जुनी दफनभूमी आहे. जुन्या स्वीडिश शेतकऱ्यांची. तिथे नांगर कधीच फिरला नाही, म्हणून मूळचं माळरानाचं गवत तेवढ्या तुकड्यात टिकून आहे. एक्याण्णव साली तिची मोजणी काकांनी केली. बर्फ होतं, हात गारठले होते, कोपऱ्यावर एक लोखंडी गज मिळाला. काकांनी तो कोपरा धरला, नकाशावर "कोपरा सापडला" असं लिहिलं आणि शिक्का मारला. त्या नकाशाप्रमाणे पूर्वेचं कुंपण अकरा फूट आत सरकलं.

निवृत्तीनंतर काका गंमत म्हणून पहिल्या सरकारी मोजणीच्या वह्यांच्या नकला वाचत बसतात. लोक मालिका बघतात, हे वह्या. दोन वर्षांपूर्वी त्याच कोपऱ्याची अठराशे बेचाळीसची नोंद त्यांच्यासमोर आली. "जमीन सपाट, पहिल्या प्रतीची. झाड एकही नाही. मातीचा उंचवटा केला, खाली शेरभर कोळसा पुरला." शेर हे अर्थात काकांचं भाषांतर. माळावर खूण करायला झाड नाही की दगड नाही, म्हणून कोळसा. काकांच्या वडिलांनीही बांधाच्या दगडाखाली कोळसा पुरलेला काकांनी लहानपणी पाहिला होता. तो कुजत नाही, गुरं खात नाहीत आणि कोणाला चोरावासा वाटत नाही.

काकांनी शेजारच्या कोपऱ्यांवरून हिशेब मांडला. कोळसा गजाच्या पूर्वेला अकरा फुटांवर असायला हवा होता. इथला कायदा असा, की पहिल्या मोजणीदाराने खूण जिथे ठेवली तोच कोपरा, त्याचं माप चुकलं असलं तरीही. नंतर येणाऱ्यांनी ती खूण शोधायची, सुधारायची नाही. आणि काकांनी शोधलीच नव्हती.

त्यातच शेजारचं शेत एका गोदामवाल्या कंपनीने घेतलं. कुंपणालगतच्या त्या अकरा फुटांच्या पट्ट्यावरून ट्रकचा रस्ता जाणार होता. दफनभूमी सांभाळणाऱ्या मिसेस लिंडक्विस्ट शहाऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांची धाकटी बहीण एक्केचाळीस साली जन्मली आणि चार दिवसांनी गेली. नाव ठेवलं नव्हतं, दगडही बसवला नाही. "जुन्या कुंपणाच्या आत तीन पावलं," एवढं त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. त्यांनी काकांना फोन करून सरळ विचारलं, "मिस्टर के, माझी बहीण आत आहे की बाहेर?"

काकांच्या नकाशाप्रमाणे ती बाहेर होती.

त्यांचा मुलगा विवेक इथेच वाढलेला. तो म्हणाला, "बाबा, लेट इट गो. इट्स युअर स्टँप. उद्या सू केलं तर? कोण विचारतंय आता?"

"ती विचारतेय," काका म्हणाले.

त्यांनी प्रतिज्ञापत्र लिहून दिलं. त्यात एक वाक्य होतं, जे मी टाइप केलं आणि पुन्हा एकदा वाचून पाहिलं: कोपरा मला सापडला नव्हता, मी तो मानला होता. कंपनीच्या वकिलाने खणायला एक दिवस दिला. कोळसा निघाला तर पट्टा दफनभूमीचा, नाहीतर जुना नकाशा कायम.

काकांना मोतीबिंदू, म्हणून गाडी मी चालवली; काकू मागे बसल्या. एप्रिलची सकाळ होती. पोचलो आणि बघतो तर सगळा माळ काळाठिक्कर! इथलं गवत जोमानं यावं म्हणून वसंतात मुद्दाम जाळतात, आणि ते चार दिवसांपूर्वीच जाळलं होतं. काकूंनी कपाळाला हात लावला.

"कोळसा शोधायला निघालात आणि अख्खं रानच कोळसा झालंय. बसा आता निवडत!"

काका हसले. त्या काळ्या जमिनीतून हिरवे कोंब सुईएवढे वर आले होते. वारा होता, पण हलायला गवतच नव्हतं, त्यामुळे तो ऐकूच येत नव्हता. सगळं कसं पाण्याखाली असल्यासारखं. कंपनीचा मोजणीदार यंत्र लावून बाजूला उभा राहिला, मिसेस लिंडक्विस्ट काठी टेकून त्याच्या शेजारी. काका काकूंच्या बागेतलं खुरपं घेऊन गुडघ्यांवर बसले.

वरची राख बाजूला केली. खाली मऊ काळी माती. ते चिमूट चिमूट माती पांढऱ्या रुमालावर ओढून बघायचे. मातीचा डाग तपकिरी यायचा. तासभर तपकिरीच. मी मनातल्या मनात देवाला वेठीला धरलं होतं, तेही खोटं कशाला सांगू. मग काका हातभर पूर्वेला सरकले आणि दीड फूट खोलीवर खुरपं करकरलं. रुमालावर काळी रेघ उमटली. ठसठशीत, पेन्सिलीसारखी. त्या भोकात कोळशाचे तुकडे एकमेकांना बिलगून बसले होते, कोणीतरी ओंजळीतून आत्ताच सोडल्यासारखे.

काका खाली बघत, कोणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "पोचलो, बाबा." मला ऐकू गेलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

कंपनीच्या मोजणीदाराने वाकून पाहिलं, फोटो काढले, आकडे लिहून घेतले आणि काकांशी हात मिळवला. मिसेस लिंडक्विस्टनी विचारलं, आठवण म्हणून एक तुकडा घेऊ का?

"नको," काका म्हणाले. "तो अजून ड्यूटीवर आहे."

त्यांनी माती परत लोटली आणि तळहाताने थोपटली. तिथून म्हातारीने काठी टेकत तीन पावलं टाकली. पांढरे बूट राखेत बुडाले. ती थांबली.

"आत?"

"आत," काका म्हणाले. "तेहतीस वर्षं मी तिला बाहेर ठेवलं. चूक माझी."

तिने मान खाली घातली. काठीच्या टोकाने पायाखालची राख बाजूला केली. काका खुणेपाशीच उभे होते, कोळशाच्या पलीकडच्या बाजूला, हातात तो काळा रुमाल घेऊन.

मग तिने मान वर केली. "मिस्टर के," ती म्हणाली, "बाहेर का उभे आहात? आत या."