सहीच्या आधीचा आठवडा

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी आठ वर्षं मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करत होते. कारखान्याने तो विभागच पुण्याला हलवला तेव्हा मी नोकरी सोडली आणि सोलापुरातच, शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून तेच काम स्वतंत्रपणे घ्यायला लागले. पहिलं वर्ष ओळखीपाळखीवर गेलं. मग पुण्याच्या एका एजन्सीतून फोन आला. तिथल्याच पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला सहा महिन्यांसाठी माझ्यासारखं माणूस हवं होतं, काम घरूनच करायचं होतं. फोनवर बोलणारी मुलगी लाघवी होती. मुलाखत झाली, निवड झाली आणि एका गुरुवारी दुपारी कंत्राट मेलवर आलं. सव्वीस पानं, सगळी इंग्रजीत. सोमवारी काम सुरू.

सही करायच्या तीन जागांवर पिवळ्या खुणा होत्या. तिथं क्लिक केलं की झालं. मी पहिल्या खुणेपर्यंत पोचलेही होते, तेवढ्यात मामा खोलीत आले.

मामा म्हणजे माझे सासरे. अक्कलकोटला तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली बसून त्यांनी सगळा जन्म दस्त लिहिण्यात घालवला होता. खरेदीखतं, वाटणीपत्रं, प्रतिज्ञापत्रं. निम्मी गिऱ्हाइकं कानडी बोलणारी, निम्मी मराठी. मामा दोन्हीत ऐकायचे आणि मराठीत लिहायचे. सासूबाई गेल्यानंतर ते आमच्याकडे राहायला आले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"सही करतेय मामा. नव्या कामाची."

"वाचलंस व्हय सगळं?"

"सगळे असंच करतात. सगळ्यांना हेच पाठवतात ते."

ते स्टूल ओढून माझ्याशेजारी बसले, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि न समजणाऱ्या त्या पडद्याकडे बघत म्हणाले, "मराटीत सांग. पयल्या वळीपासनं."

मला हसू आलं आणि वैतागही. पण त्यांना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. मी एकेक ओळ मराठीत सांगू लागले, आणि सांगता सांगता लक्षात आलं की वरवर वाचताना जे सरळ वाटत होतं, ते आपल्या भाषेत सांगायला गेलं की जीभ अडते. कंपनी मला कधीही, त्याच दिवशी थांबवू शकत होती. मला मात्र सोडायचं तर दोन महिने आधी कळवावं लागणार होतं. काम संपल्यावर वर्षभर त्या प्रकारचं काम मी दुसऱ्या कुणाचंही करायचं नाही, असंही एक कलम होतं. म्हणजे चिंचोळीतले माझे सगळे जुने लोक बंद.

"हे तुला कळलं हुतं का मगाशी?" मामांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

मग अकरावं पान आलं. त्यावर लिहिलं होतं की कंत्राटाच्या मुदतीत मी जे काही तयार करेन, ते सगळं कंपनीच्या मालकीचं.

"जे काई म्हंजे? त्यांनी दिल्यालं काम?"

मी परत वाचलं. "नाही. जे काही. सगळंच."

"मग त्या काकांची येल कुनाची?"

माझा हात थांबला. शहराच्या पूर्व भागातल्या एका तेलुगू विणकर काकांची चादरीची नक्षी मी त्या दिवसांत कॉम्प्युटरवर उतरवून देत होते. त्यांच्या वडिलांनी हाताने आलेखाच्या कागदावर काढलेली वेल होती ती. कागद घड्यांवर फाटत चालला होता आणि काकांना ती मागावर परत आणायची होती. ते मला अम्मा म्हणतात. ते काम मी शनिवार-रविवारी करायचे, मायेपोटी. कागदावरच्या या एका ओळीने ती वेल पुण्याच्या पंप बनवणाऱ्या कंपनीची होणार होती.

"पण असं कोण करणार आहे मामा? त्यांना चादरीशी काय देणंघेणं?"

तेव्हा मामांनी मला एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी आपल्या मुलालाही सांगितली नव्हती. उमेदीच्या काळात त्यांनी दोघा मेंढपाळ भावांचं वाटणीपत्र लिहिलं. विहीर थोरल्याकडे गेली, माळ धाकट्याकडे. धाकट्याला विहिरीवर जायची वाट थोरल्याच्या हिश्शातून होती, पण तिचं कुणी नाव काढलं नाही, आणि मामांनीही विचारलं नाही. दोन वर्षांनी भावांचं बिनसलं. थोरल्याने वाट बंद केली. धाकटा मेंढरं घेऊन लांबचा वळसा मारत ओढ्यावर पाण्याला जायला लागला.

"बाजारच्या दिवशी शेडफुडनं जायचा," मामा म्हणाले. "कदी बोलला न्हाय मला. रामराम करायचा. मी त्यांनी सांगितलं तेवढंच लिवलं हुतं, चूक कायच न्हवती. पर मी इचारायला पायजे हुतं की."

मी पिवळी खूण तशीच ठेवली. संध्याकाळी एजन्सीला तीन मुद्द्यांची मेल लिहून पाठवली, काकांच्या चादरीचंही त्यात लिहिलं.

शुक्रवारी सकाळीच त्या मुलीचा फोन आला. आवाज दमलेला होता. "मॅडम, आजवर कुणी असं विचारलं नाही हो. लीगलकडे पाठवलं तर सोमवार जाईल. कंपनीकडे आणखी दोन नावं आहेत."

"मग जाऊ दे सोमवार," मी म्हणाले. ठामपणे म्हणाले खरी, पण फोन ठेवल्या ठेवल्या परत मेल उघडून बसले.

सोमवार गेला. मंगळवारही गेला. मी दर दहा मिनिटांनी मेल बघत होते. नवरा शिफ्टवरून येऊन विचारायचा, "आलं का काही?" आणि मी मान हलवायचे. मंगळवारी जेवताना मी मामांशी धड बोलले नाही. वाढलं, ताट उचललं, बस. मनात येत होतं, चांगलं हातातलं काम या म्हाताऱ्याच्या शंकांपायी गेलं. असं मनात आलं याची आज लाज वाटते, पण आलं होतं हे खरं.

बुधवारी सकाळी मी भाकरी थापत होते. मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आत येईनात.

"पोरी, माझं चुकलं का गं?" ते म्हणाले. "आता जमाना येगळा हाय. मला त्यातलं काय कळतंय? फोन कर तिला. म्हन, करते सई."

त्यांचा चेहरा बघून माझा सगळा राग उतरला. मी म्हटलं, "नाही मामा. आता तर नाहीच करत." त्यांना पाटावर बसवलं, तव्यावरची भाकरी ताटात घातली, शेंगाचटणी आणि वर दही. त्यांनी मुकाट्याने खाल्लं आणि आणखी एक मागून घेतली.

गुरुवारी दुपारी फोन आला. ती मुलगी हसत होती. "मॅडम, झालं! सोडायची मुदत दोन्ही बाजूंना पंधरा दिवस. वर्षाची बंदी फक्त या एका कंपनीच्या गिऱ्हाइकांपुरती. आणि मालकी फक्त त्यांनी दिलेल्या कामाची. मी लीगलच्या सरांना तुमच्या त्या काकांच्या चादरीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, अहो, आम्हाला कुणाच्या चादरी नकोत!"

मी आनंदाने मामांना हाक मारली. नवा कागद उघडला, अकरावं पान वाचून दाखवलं. ओळ बदलली होती. मी सही करायला गेले तशी त्यांनी माझ्या दंडाला हात लावला.

"समदं वाच. परत. मागं जोडपत्र असंल, ते बी."

"मामा, तीच पानं आहेत ती."

"असू दे की."

पाऊण तास लागला. शेवटून दुसऱ्या पानावर, जोडपत्रात, जुनी ओळ जशीच्या तशी बसलेली होती. तिच्याखाली लिहिलं होतं की आतल्या कलमात आणि जोडपत्रात फरक असेल तर जोडपत्र खरं धरायचं. मी त्याचा अर्थ सांगितला तेव्हा मामा विजयाने वगैरे हसले नाहीत. मान हलवून म्हणाले, "घाईत ऱ्हातंय असं. मुद्दाम नसंल."

मी फोन स्पीकरवर लावून त्या मुलीला सांगितलं. तिने तिकडे ते पान उघडून बघितलं. मग ती म्हणाली, "सॉरी मॅडम. मी स्वतः बघायला हवं होतं. कुणी पकडलं हे?"

"माझ्या सासऱ्यांनी. इंग्रजी येत नाही त्यांना."

"मग कसं?"

मामा फोनकडे वाकून मोठ्याने म्हणाले, "ती वाचती, मी ऐकतो!"

तासाभरात जोडपत्र दुरुस्त होऊन आलं. मी तेही वाचून दाखवलं आणि मगच सही केली. काम पुढच्या सोमवारी सुरू झालं, सहा महिने चाललं आणि नीट संपलं. त्याच मुदतीत काकांची वेल मागावर चढली. पहिली चादर ते स्वतः सायकलवर घेऊन आले आणि मला न देता मामांच्या खांद्यावर घालून गेले. मामा दिवसभर उकाड्यात ती पांघरून बसले होते.

त्या मुलीचा फोन पुढे अधूनमधून येत राहिला, कामाचा कमी आणि असाच जास्त. तिचं गाव अक्कलकोटच्या पुढे, अगदी कर्नाटकच्या हद्दीवर, हे तेव्हाच कळलं. गेल्या दिवाळीत गावी जाताना ती सोलापुरात उतरली आणि थेट आमच्या घरी आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. आवाजावरून वाटली होती त्याहून लहान होती. मामांच्या पाया पडली आणि कानडीत काहीतरी बोलली. मामांचा चेहरा असा उजळला की बस. किती दिवसांनी घरात कुणी त्यांच्याशी कानडीत बोललं होतं.

चहा झाल्यावर तिने पिशवीतून कागद काढला. तिला दुसऱ्या एजन्सीत नोकरी लागली होती आणि हे तिचं स्वतःचं नेमणूकपत्र होतं.

"मामा, मी दिवसभर दुसऱ्यांना सह्या करायला सांगते," ती म्हणाली. "पण पहिल्या नोकरीचा माझा कागद मी कधी वाचलाच नव्हता. हा तुम्ही ऐकाल का?"

मामांनी चष्मा पुसला. ती एकेक ओळ कानडीत सांगू लागली. ते मधेच थांबवायचे, एक प्रश्न विचारायचे, ती कपाळाला आठ्या घालून परत वाचायची. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण कुठे अडलं ते दोघांच्या चेहऱ्यांवरून कळायचं. तिची गावाकडची गाडी केव्हाच निघून गेली. पुढची किती वाजता आहे ते मी स्टँडवर फोन करून विचारलं, आणि तिच्यासाठी दोन भाकऱ्या जास्त टाकायला आत गेले.