नळीवरची साय

आमच्या लॅबमध्ये रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरून बाहेर आली की लाल पेशी तळाला बसतात आणि वर सीरम उरतं. उपाशी माणसाचं सीरम पातळ मधासारखं स्वच्छ दिसतं. काल एका आजींचं दुधासारखं पांढरं निघालं. अशी नळी मी खिडकीशी नेऊन उजेडात धरतो. बाकांवर थांबलेल्या सगळ्या पेशंटांना ती दिसते.

"आजी, काय खाल्लंत?"

"काही नाही हो. रात्रीपासून नुसतं पाणी."

शेजारी त्यांचा मुलगा होता. "आई, शिऱ्याचं पातेलं सकाळी चाटूनपुसून साफ होतं. मला वाटलं, मांजर आलं."

बाकांवरची माणसं हसली. मीही हसलो.

माणूस तोंड पुसतो, वाटी धुऊन पालथी घालतो, पण चोरून खाल्लेलं तूप रक्तात तरंगत राहतं. नळी रात्रभर फ्रीजमध्ये उभी ठेवली की सीरमवर चक्क साय धरते. कुणाची भूक अशी उघडी करावी का, हा प्रश्न मला पडत नाही. मला हे काम आवडतं.

आज आजी परत आल्या. रात्री मुलानं स्वयंपाकघराला कुलूप घातलं होतं. सीरम स्वच्छ निघालं, रक्तातली चरबीही मापात आली. मी मुलाला कालच्या नळीवरची साय दाखवली. त्यानं ती निरखून पाहिली.

"बघ आई," तो मायेनं म्हणाला, "उपाशी राहिलीस की रक्त किती छान येतं. कुलूप आता रोजच राहू दे."