आत्याबाई सरपंच होत्या तेव्हा

मी लग्न होऊन सासरी आले तेव्हा माझ्या सासूबाई गावच्या सरपंच होत्या. स्वातंत्र्याच्या आधीचा तो काळ. कर्जतच्या उत्तरेला आमचं छोटंसं बाजाराचं गाव. आसपास कुठं बाई सरपंच झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. माझं माहेर खालापूरकडचं. निघताना आई म्हणाली, "सांभाळून ऱ्हा गं. सासू कचेरीत बसणारी हाय."

त्यांना मी आत्याबाई म्हणे. पंचायतीतल्या दोन बड्या माणसांचं आपसात पटेना, म्हणून दोघांनाही चालेल अशी ही विधवा बाई खुर्चीवर बसवलेली. चार यत्ता शिकलीय, सांगू तिथं सही करील, असं त्यांना वाटलं. आत्याबाई सही करत, पण कागद सगळा वाचून झाल्यावर.

त्या पावसाळ्यात शेजारच्या गावात पटकीची साथ आली. माणसं हगवण-उलटीनं एका दिवसात जात होती. तालुक्याहून आरोग्य खात्याचा माणूस विहिरींत टाकायचं लाल औषध घेऊन आला. सगळ्यात मोठी विहीर आत्याबाईंच्या थोरल्या दिरांच्या आवारात. अर्धं गाव तिथं पाणी भरायचं. दीर विहिरीच्या तोंडाशी उभे राहिले. "देवाच्या पूजेला हे पाणी जातं. रंग टाकून बाटवू देणार नाय."

थोरल्या दिरांची चाहूल लागली की आत्याबाई आतल्या खोलीत जात. लग्न झाल्यापासून त्यांच्याशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र त्यांनी पदर कपाळाखाली ओढला आणि सरळ विहिरीकडे निघाल्या. मी मागोमाग. गर्दीनं वाट दिली. जमिनीकडे बघत त्या म्हणाल्या, "दादा, घरात तुमचा शब्द. पण हितलं पाणी गाव पितं. औषध पडणार."

"आन् कुणाला काय झालं तर?"

"उद्या पहिला तांब्या मी पिईन. मंग तुमी ठरवा."

दीर काठी उचलून बाजूला झाले.

औषध पडलं आणि पाणी पिकल्या जांभळासारखं झालं. घरी आल्यावर मी विचारलं, "भीती वाटली?"

"वाटली की. दादांची वाटली. औषधाची नाय."

दुसऱ्या दिवशी पाणी फिकट गुलाबी झालेलं. सगळ्यांदेखत त्यांनी तांब्या रिकामा केला, "कडवट हाय जरा," म्हणाल्या आणि सुपात तांदूळ निवडायला घेऊन तिथंच विहिरीच्या काठावर बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्यांना धडधाकट बघावं म्हणून. दुपार कलेपर्यंत उठल्या नाहीत. हळूहळू एकेक बाई घागर घेऊन येऊ लागली. सगळ्यांच्या आधी आली ती दिरांची सून.

साथ आमच्याही शिवेत आली. ओढ्याचं पाणी पिणाऱ्या वाडीतली दोन माणसं गेली. आत्याबाई चिखल तुडवत तिकडे गेल्या आणि पाणी उकळूनच प्या म्हणून घरोघरी सांगत फिरल्या. गावात मात्र कुणी दगावलं नाही.

त्यांच्या शेजारी बसून मी कितीदा भाकऱ्या थापल्या असतील. पीठ मळणाऱ्या त्या हातांकडे बघताना, विहिरीवर बोलली ती हीच बाई, हे मला खरं वाटत नसे.