चिकटवलेल्या चकत्या

राजवाड्यामागच्या गल्लीत वसुमतीअक्कांनी बावीस वर्षं बालवाडी चालवली. साहित्य काय, तर घरातलेच लहानमोठे पाच पितळी टंबलर, म्हणजे पेले. "आधी सगळे सुटे कर, मग एकात एक बसव," एवढीच त्यांची विद्या. पोर चुकलं की अक्का गप्प. मोठा टंबलर लहानात शिरत नाही, हे टंबलरच सांगायचा.

पंच्याण्णव साली गल्लीच्या तोंडाशी इंग्रजी नर्सरी निघाली. टाय, बूट, गळ्यात बाटली. अक्कांची पोरं तिकडे गेली, मागोमाग शिकवायला अक्काही. पालकदिन नीट पार पडला तर नोकरी कायम, असं शाळेचे मालक नटराज यांनी सांगितलं होतं. त्यांच्या काचेच्या कपाटात सिंगापूरहून आणलेला, एकावर एक बसवायच्या रंगीत चकत्यांचा मनोरा होता. पोरांनी तो बाहेरून बघायचा आणि "बिग, बिगर, बिगेस्ट" म्हणायचं. कपाटाला कुलूप. पोरांचे हात चिकट असतात ना!

पालकदिनी मनोरा टेबलावर आला. चार वर्षांचा कार्तिकेय पुढे झाला. त्याचे वडील वरुणराव, विमा कचेरीतले, खिशाला दोन पेनं लावून पहिल्या रांगेत. पोरानं अक्कांच्या शिकवणीप्रमाणे आधी वरची चकती ओढली. येईना. दोन्ही हातांनी ओढली. मग मनोरा पोटाशी धरून भोकाड पसरलं.

"मंद आहेस का रे?" वरुणराव सगळ्यांदेखत म्हणाले.

अक्कांनी मनोरा उचलला. चकत्यांच्या फटींत गोंद वाळला होता, पिवळा, शेंबडासारखा.

"सार," त्या नटराजांना म्हणाल्या, "हे चिकटवलंय!"

"हळू बोला अम्मा," नटराज हसत कुजबुजले. "पालकांसमोर चकती चुकली तर शाळेची अब्रू काय राहील? त्याला नुसतं बोट लावून 'बिग, बिगर' म्हणू द्या."

अक्का गप्प राहिल्या असत्या, तर नोकरी कायम होती आणि कार्तिकेय मंद.

"वरुणराव, पोर शहाणं आहे," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "शाळेनंच गोंद लावलाय. बघा ओढून."

वरुणरावांनी ओढलं. मान लाल झाली, चकती हलेना. आता हे भडकणार, असं वाटलं. छे! "मजबूत आहे हो," ते कौतुकानं म्हणाले. "घरी हा सगळं पसरून ठेवतो. असंच पाहिजे." नटराजांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. कशासाठी, देव जाणे. बहुधा गोंदासाठी.

सोमवारी शिपायानं अक्कांना फाटकातूनच परत पाठवलं.

कार्तिकेय तिथंच आहे. शिस्तीचं बक्षीसही मिळालं म्हणे त्याला. आता तो कशालाच हात लावत नाही.